फुकटच्या पुस्तकाला तीन कोटेशनं

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या नेमलेल्या पुस्तकाच्या आठ प्रती होत्या आणि पहिल्या वर्षाला तो विषय घेतलेली मुलं एकशे वीस. हे गणित मी एकोणतीस वर्षांत चार प्राचार्यांना समजावून सांगितलं. चौघांनीही मान हलवली. त्यातल्या एकांनी तर "हे आपण गांभीर्याने घेतलं पाहिजे, साळवी मॅडम" असं म्हटलं आणि त्या वर्षी सभागृहाचे पडदे बदलले.

मी कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. राहायला कोपरीत, त्यामुळे आयुष्याचा बराच भाग ठाणे ते कल्याण आणि कल्याण ते ठाणे यात गेला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ग्रंथपाल म्हटलं की लोक विचारतात, "मग तुमचं वाचन खूप असेल ना?" माझं वाचन मुख्यतः पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकांचं. कॉलेजच्या ग्रंथालयात कादंबऱ्यांची कपाटं शांत उभी असतात. मारामारी असते ती पाठ्यपुस्तकांवर. जून-जुलैत मुलं पुस्तक मागतात, आपण म्हणतो "बाहेर गेलंय." ऑक्टोबरात पुन्हा मागतात, आपण म्हणतो "इथे बसून वाचा, एक तास." मार्चमध्ये ती मागायची बंद होतात, कारण तोवर त्यांनी कुठून तरी फोटो मिळवलेले असतात, अर्धे तिरपे आणि अर्ध्यांत कुणाचा तरी अंगठा.

त्यात नव्या आवृत्तीची भानगड. प्रकाशक दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढतो. मुखपृष्ठ निळ्याचं हिरवं होतं, उदाहरणांचे क्रमांक पुढेमागे होतात आणि शिक्षक वर्गात सांगतात, "पान एकशे बारावरचं सातवं गणित करून आणा." जुन्या पुस्तकात एकशे बारावर वेगळंच काहीतरी असतं. झालं, जुन्या प्रती रद्दीत. मोठ्या भावंडांचं पुस्तक धाकट्याने वापरायची सोय गेली. मी एकदा निळी आणि हिरवी आवृत्ती शेजारी ठेवून पानन् पान ताडून पाहिली होती. का पाहिली, ते सांगते.

मधुरा भोईर नावाची एफ. वाय.ची मुलगी. बाळकुमची. ठाण्यात प्रवेश मिळाला नाही म्हणून कल्याणपर्यंत यायची. एका दुपारी वाचनकक्षाच्या कोपऱ्यात ती फार वेळ मान खाली घालून बसली होती. मी मागून गेले तर हातात अर्धं ब्लेड आणि पुस्तकातलं संभाव्यतेचं अख्खं प्रकरण सुटून तिच्या वहीत गेलेलं. पानं कापणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. घाईघाईत फाडतात, कडा दातेरी राहतात. हिने पट्टी लावून शिवणीपासून बोटभर जागा सोडून कापलं होतं. काम इतकं स्वच्छ होतं की मला जास्तच राग आला.

"हे काय चाललंय?"

ती उठून उभी राहिली. रडली नाही. "मॅडम, मी तीन दिवस रांगेत उभी राहिलेली. माझा नंबर आला की तास संपतो."

"मग झेरॉक्स काढायची."

"झेरॉक्सला पुस्तक बाहेर न्यायला लागतं. तुम्ही बाहेर देत नाही."

हे खरं होतं. संदर्भ प्रत बाहेर द्यायची नाही हा नियम माझाच. मी तिचं कार्ड जमा केलं, पालकांना बोलावलं आणि नियमाप्रमाणे त्याच पुस्तकाची नवी प्रत भरून द्यायला सांगितलं.

तिचे वडील दोन दिवसांनी आले. बाळकुमलाच एका मोठ्या संकुलात सुरक्षारक्षक आहेत, त्याच गणवेशात आले होते. टेबलावर कोरं पुस्तक ठेवलं. ते हिरव्या आवृत्तीचं होतं. निळी बाजारातून गेली होती. मी म्हटलं, "ही आवृत्ती वेगळी आहे, मला तपासावं लागेल." ते समोर बसून राहिले आणि मी दोन्ही पुस्तकं उघडून बसले. अर्ध्या तासाने मला मान्य करावं लागलं की सात-आठ नवी गणितं सोडली तर ओळीला ओळ तीच आहे.

"म्यारम, पुस्तक त तोच हाय," भोईर म्हणाले. भांडायच्या सुरात नाही, खरंच विचारत होते. "मंग दर साली नवा कशाला लागतो?"

मी म्हटलं, "प्रकाशक काढतात."

"त तुमी नको म्हनाचा ना त्यांना."

मी एवढी शिकलेली बाई, एकोणतीस वर्षांची नोकरी संपत आलेली, आणि "तुम्ही नको म्हणायचं ना" हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी मुलीचं कार्ड परत दिलं आणि पुस्तकावर शिक्का मारला.

हे मी जेवणाच्या सुट्टीत जाधव सरांना सांगितलं. गौतम जाधव संख्याशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. वर्गात त्यांना सगळे सर म्हणतात आणि कार्यालयात कोणी खुर्ची देत नाही. जाधव सर सहा वर्षं असे शिकवत होते. वर्ग भरलेला असायचा, हे मला माहीत होतं, कारण त्यांचा तास असला की माझा वाचनकक्ष रिकामा व्हायचा.

त्यांनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे बघा. मुक्त पाठ्यपुस्तक."

"चोरीचं?"

"नाही हो. परदेशातल्या प्राध्यापकांनी लिहिलंय आणि लिहितानाच परवानगी देऊन ठेवली आहे. कोणीही वाचा, छापा, वाटा, बदला, आपल्या भाषेत करा. अट एकच. ज्यांनी लिहिलं त्यांची नावं काढायची नाहीत."

"आणि प्रकाशक?"

"नाही कोणी."

मी ते पुस्तक आठवडाभर वाचलं. निम्मं कळलं, पण पुस्तक नीट आहे की नाही हे ग्रंथपालाला विषय न कळताही कळतं. सूची चोख होती, चुकांची यादी दिलेली होती आणि कोणी चूक कळवली की पुढच्या महिन्यात ती दुरुस्त झालेली दिसत होती. आमच्या नेमलेल्या पुस्तकातली एक छपाईची चूक मी तीन आवृत्त्या ओळखत होते.

अडचण एकच होती. उदाहरणं सगळी तिकडची. बेसबॉल, टर्की नावाचा मोठा पक्षी, बर्फाची उंची. जाधव सर म्हणाले, "बदलायची परवानगी आहे ना? बदलू." आणि त्या वर्षी मुलांना त्यांनी कामाला लावलं. कोणी कोपरीतल्या वडापावच्या गाडीवर तासातासाला किती गिऱ्हाइकं येतात ते मोजलं, कोणी कोलशेतच्या कारखान्यात पाळी बदलताना फाटकातून किती माणसं आत जातात ते. मधुरा बाळकुमच्या थांब्यावर वही घेऊन सलग दहा दिवस उभी राहिली आणि बस किती मिनिटांनी येते ते लिहून आणलं. प्रमाण विचलन म्हणजे काय, हे त्या तक्त्यावरून मलासुद्धा समजलं. सरासरी बारा मिनिटं दिसते, पण एक बस चार मिनिटांत येते आणि पुढची अर्ध्या तासाने. मधुरा म्हणाली, "सर, म्हणजे सरासरीवर विश्वास ठेवून घरातून निघालं की गेलं सगळं." जाधव सरांनी ते वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला घातलं, तिच्या नावासकट. इंग्रजी मजकूर ठेवला, शेजारी मराठीत समजावणी. वर्षाअखेर बारा प्रकरणं तयार झाली. पहिल्या पानावर मूळ लेखकांची नावं, खाली "रूपांतर : गौतम जाधव" आणि त्याखाली चौदा मुलांची.

आता हे ग्रंथालयात दाखल करायचं, एवढंच राहिलं होतं. मला वाटलं, आठवड्याचं काम.

ग्रंथालय समितीत प्राचार्य, मी आणि विभागप्रमुख असतात. संख्याशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. निमकर. नेमलेलं पुस्तक त्यांचंच. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहायला बसलेली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी ते पुस्तक लिहिलं तेव्हा मराठी मुलांना समजेल असं दुसरं पुस्तक नव्हतं, आणि त्यांनी ते मन लावून लिहिलं होतं. माझ्या त्यांच्यावरच्या रागात तेवढी जागा मी कायम सोडत आले आहे.

मी ठराव मांडला. प्राचार्यांनी विचारलं, "पुस्तकाची किंमत?"

"किंमत नाही. मोफत आहे. छपाईचा खर्च तेवढा."

"पण खरेदी म्हटली की तीन कोटेशनं लागतात."

"सर, खरेदी नाही. फुकट आहे."

"तेच म्हणतोय. तीन ठिकाणांहून फुकट मिळतंय असं कागदावर असेल तर लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही."

मी निमकरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "प्रश्न कोटेशनचा नाही. जे फुकट मिळतं त्याची मुलांना किंमत नसते. आणि दर्जा? कोणीही बदलू शकतं म्हणे. उद्या एखाद्याने त्यात काहीही घातलं तर?"

"सर, तुम्ही एकदा वाचून बघा आणि चूक दाखवा. आम्ही दुरुस्त करू."

"मला वेळ कुठे आहे?" असं ते म्हणाले.

तरी मी ग्रंथालयाच्या संगणकात नोंद करायला बसले. तिथे विक्रेत्याचं नाव लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. "विक्रेता नाही" असं लिहिलं तर त्याने "विक्रेता नाही" या नावाचा नवा विक्रेता उघडला आणि पत्ता मागितला. मी कॉलेजचा पत्ता दिला. आजही त्या यादीत आमचं कॉलेज स्वतःलाच पुस्तकं पुरवताना दिसतं. अखेर तीन महिन्यांनी समितीने ठरवलं, पुस्तक "फक्त अतिरिक्त संदर्भासाठी" ठेवावं, नेमलेल्या यादीत नको, आणि छापण्याचं काम कॉलेज करणार नाही. मुलांनी हवं तर आपापलं छापून घ्यावं.

मुलांनी छापून घेतलं. स्टेशनजवळच्या गल्लीत पवारकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. गेली वीस वर्षं कल्याणच्या निम्म्या कॉलेजांची पुस्तकं त्या दुकानातून बाहेर पडत आली आहेत, आणि त्यातलं काय कायदेशीर आणि काय नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. जाधव सरांनी त्यांना परवानगीचं पान दाखवलं. पवारकाकांना ते फार आवडलं. दुकानाबाहेर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'येथे संख्याशास्त्राचे पुस्तक परवानगीने छापून मिळेल.'

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, मी पोलीस चौकीत आहे. मशीन पण इथेच आहे."

मी आणि जाधव सर रिक्षा करून गेलो. पवारकाका बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी मशीन आणि मशीनवर आमच्या पुस्तकांचा गठ्ठा. नेमलेल्या पुस्तकाच्या प्रकाशकाचा विक्री प्रतिनिधी, इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण, खुर्चीवर होता. त्याची तक्रार अशी की आमच्या कंपनीच्या पुस्तकाची नक्कल करून हा माणूस विकतोय.

पवारकाका हळू आवाजात म्हणाले, "वीस वर्षांत कोणी आलं नाही. जिंदगीत पहिल्यांदा परवानगीचं काम घेतलं आणि इथे येऊन बसलो."

उपनिरीक्षक वयाने माझ्या मुलाएवढे असतील. त्यांनी विचारलं, "मॅडम, परवानगी कोणाची?" मी इंग्रजी पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मला मराठीत लिहून द्या आणि खाली सही करा." मी चौकीतल्या टेबलावर बसून त्या परवानगीचं मराठी भाषांतर केलं. माझ्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात काळजीपूर्वक लिखाण तेच असेल.

त्यांनी वाचलं. "म्हणजे मालकानेच सांगितलंय की छापा?"

"हो."

"मग यांची तक्रार काय?"

प्रतिनिधी पुढे सरकला. "साहेब, गणितंच आमची आहेत. हे बघा." त्याने पिशवीतून हिरवी आवृत्ती काढली आणि प्रकरण तीन उघडलं. "आणि हे त्यांचं. आकडेसुद्धा तेच. नक्कल नाही तर काय?"

जाधव सरांनी कुठे निमकरांच्या पुस्तकातून तर घेतलं नाही? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दोन्ही पानं ताडून बघत होते.

शेजारी उभे असलेले हवालदार पुस्तकात डोकावले. त्यांनी हिरव्या आवृत्तीतलं गणित मोठ्याने वाचलं. "एका क्रिकेट संघाने नऊ सामन्यांत अनुक्रमे चार, दोन, शून्य, सात, तीन, एक, पाच, शून्य आणि सहा धावा केल्या. सरासरी काढा." ते थांबले. "हा कुठला संघ?"

त्यांनी बोटांवर बेरीज केली.

"अहो, नऊ सामने मिळून अठ्ठावीस धावा? आमच्या गल्लीतली पोरं एका षटकात करतात."

जाधव सरांनी मोबाइलवर मूळ इंग्रजी पुस्तक उघडून उपनिरीक्षकांसमोर ठेवलं. बेसबॉलचा संघ, जिथे सामन्यात एवढ्याच धावा होतात, नऊ सामने, तेच आकडे, त्याच क्रमाने. खालचं गणित टर्कीच्या वजनांचं. हिरव्या आवृत्तीत त्याच्या कोंबड्या झाल्या होत्या आणि वजनं तशीच राहिली होती. नऊ किलोची कोंबडी वाचून हवालदार खुर्चीवर बसले. आमच्या मुलांनी बाकीची सगळी उदाहरणं बदलली होती, ही दोन तेवढी सरावाला जशीच्या तशी राहिली होती, खाली मूळ लेखकांच्या नावासकट. हिरव्या आवृत्तीतही ती तिथूनच आली होती. तिथे नाव नव्हतं.

म्हणजे मी ज्यांना नवी गणितं समजले होते, ज्यांच्यासाठी भोईरांनी नवं पुस्तक विकत आणलं होतं, त्यांतली निदान ही दोन या फुकटच्या पुस्तकातली होती.

उपनिरीक्षकांनी प्रतिनिधीला विचारलं, "तक्रार ठेवायची आहे?" तो पिशवी आवरत म्हणाला, "ऑफिसला विचारून कळवतो." पवारकाकांना मशीन परत मिळालं, पण ते चौकीतून पुन्हा गल्लीपर्यंत न्यायला चार माणसं लागली आणि त्यात काच फुटली. पाटी त्यांनी काढून टाकली. म्हणाले, "पुस्तक छापतो मॅडम, पण परवानगीने छापतो असं कोणाला सांगत नाही."

परतताना मी भडकलेली होते. म्हटलं, "सर, हे उद्याच प्राचार्यांकडे नेऊ." जाधव सर म्हणाले, "नको, मॅडम. जूनमध्ये माझी मुलाखत आहे. निमकर सरच घेतात." मी म्हटलं, "मग मी त्यांच्याशी एकटी बोलते. तुमचं नाव येणार नाही." ते रिक्षातून बाहेर बघत म्हणाले, "तुम्हाला ठीक वाटेल ते करा." मला त्या वेळी ते संमती दिल्यासारखं वाटलं. ती संमती नव्हती. कायम नोकरीतल्या माणसाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, एवढंच.

मी निमकरांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन्ही पानं समोर ठेवली. त्यांनी बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "नव्या आवृत्तीची उदाहरणं प्रकाशकाकडच्या कोणीतरी घातली. मी पाहिलंसुद्धा नाही, शालिनीबाई. मुखपृष्ठावर नाव माझं आहे आणि मी पाहिलं नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही हे वर नेणार?"

"सर, घ्यायला हरकत नव्हतीच. त्यांनी घ्या म्हणूनच ठेवलंय. नाव लिहायचं होतं फक्त. पुढच्या आवृत्तीत लिहा आणि आमचं पुस्तक यादीत घ्या. मला एवढंच पुरे."

"घेतो," ते म्हणाले.

मी विश्वास ठेवला. एकोणतीस वर्षं मुलांकडून प्रत्येक पुस्तकासाठी सही घेणारी मी, पण त्या दिवशी सही घेतली नाही. जूनमध्ये यादी आली, जशीच्या तशी. आणि जाधव सरांना मुलाखतीचं पत्रच आलं नाही. विचारलं तर कार्यालयातून उत्तर मिळालं, "कार्यभार कमी झाला आहे." कार्यभार कमी झाला असेलही. पण त्यांच्या तासांना जुलैत दुसरे कोणी उभे होते. याचा चौकीशी संबंध होता की नाही, मला सिद्ध करता येणार नाही. माझ्या मनात मात्र शंका नाही. मी त्यांचं नाव न घेता बोलले होते, पण ते नाव पहिल्या पानावर छापलेलं होतं. जिला गमावण्यासारखं काही नव्हतं ती मी, आणि गमावलं त्यांनी. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, मिळेल कुठेतरी." चार महिने मिळालं नाही. त्या काळात ते उल्हासनगरला एका क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवत होते. नंतर बदलापूरच्या एका कॉलेजात लागले, पुन्हा तासिका तत्त्वावरच.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले. शाल मिळाली. भाषणात प्राचार्य म्हणाले की मी ग्रंथालयाला घराप्रमाणे जपलं. पाठ्यपुस्तकांचा विषय निघाला नाही.

मधुराने संख्याशास्त्र घेऊनच पदवी केली. आता ठाण्यातच एम. एस्सी. करते. जाधव सर बदलापूरलाही हेच पुस्तक वापरतात; तिथल्या मुलांनी नवी उदाहरणं घातलेली प्रकरणं ती तपासून देते, हे मला त्यांच्याकडून कळतं.

मागच्या हिवाळ्यात प्राचार्यांचा फोन आला. कॉलेजच्या तपासणीसाठी मूल्यांकन समिती येणार होती आणि तिच्या फॉर्मवर आता 'मुक्त शैक्षणिक साधनं' असा रकाना होता. "साळवी मॅडम, तुमच्या काळात आपण ते पुस्तक केलं होतं ना? त्याचे फोटो असतील तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "फोटो आहेत. आधी पुस्तक यादीत घ्या आणि जाधव सरांना बोलवा."

"बघतो," ते म्हणाले आणि पुन्हा फोन आला नाही. त्यांना माझी गरजच नव्हती. पुस्तक मुक्त होतं. जाधव सरांनी ते इंटरनेटवर ठेवलेलंच होतं. प्राचार्यांनी ते तिथून घेतलं, चकचकीत कागदावर चाळीस प्रती छापल्या, मुखपृष्ठावर कॉलेजचं बोधचिन्ह घातलं. कोटेशनं मागवली की नाही, माहीत नाही. एक प्रत माझ्या जागी आलेल्या मुलीने कौतुकाने घरी आणून दिली. मी पहिलं पान उघडलं. प्राचार्यांचं मनोगत होतं. मूळ लेखक नव्हते, जाधव सर नव्हते, चौदा मुलं नव्हती. त्या पुस्तकाची एकच अट होती आणि आमच्या कॉलेजने तेवढीच नेमकी मोडली होती.

मी त्या मुलीला विचारलं, "समिती कधी येते?"

"परवा, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी पवारकाकांकडे गेले. सगळी नावं एका चिठ्ठीवर छापून घेतली, चाळीस प्रती. काकांनी पैसे घेतले नाहीत. समितीच्या दिवशी सकाळी आठला मी कॉलेजात पोचले. शिपाई मला ओळखत होता, त्याने ग्रंथालय उघडलं. पुस्तकं प्रदर्शनाच्या टेबलावर फुलदाणीभोवती मांडलेली होती. मी डिंकाची बाटली काढली आणि मनोगताच्या समोरच्या पानावर एकेक चिठ्ठी चिकटवत गेले. तेविसाव्या प्रतीपाशी प्राचार्य आले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"नावं राहिली होती, सर."

"आत्ता? दहाला समिती येतेय."

"सतरा राहिल्यात. होतील."

ते उभे राहिले. त्यांना ओरडायचं होतं, पण निवृत्त बाईवर ओरडता येत नाही, अडवायला तिची वेतनवाढ नसते. शेवटी ते म्हणाले, "सरळ चिकटवा तरी," आणि गेले.

समितीतल्या एका बाईंनी प्रत उचलली, चिठ्ठी वाचली आणि बसच्या तक्त्यापाशी बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, "हे जाधव सर भेटतील का?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते आता इथे नाहीत. बदलापूरला असतात. तिथे हे पुस्तक यादीत आहे." बाईंनी तेवढं आपल्या वहीत लिहून घेतलं.

या जूनमध्ये आमच्या कॉलेजनेही पुस्तक नेमलेल्या यादीत घेतलं. निमकरांच्या पुस्तकाखाली, दुसऱ्या क्रमांकावर. निमकर आता घरीच असतात. त्यांच्या पुस्तकाची लाल आवृत्ती आली आहे, त्यात क्रिकेटचा संघ अजून नऊ सामन्यांत अठ्ठावीसच धावा करतो आणि आभाराच्या पानावर कोणाचंही नाव वाढलेलं नाही. जाधव सरांना कोणी बोलावलं नाही.

यादीची बातमी सांगायला मी त्यांना फोन केला. वाटलं होतं, काहीतरी बोलतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. मॅडम, नवव्या प्रकरणात एक चूक सापडली आहे. मधुराने काढली. कल्याणच्या प्रतींत अजून जुनंच असेल. दुरुस्तीचं पान पाठवतो, तेवढं बदलून घ्याल का?"

पान आलं आहे. चाळीस प्रतींपैकी एकतीस बदलून झाल्या. नऊ प्रती मुलांकडे आहेत, त्या परत आल्या की मी पुन्हा जाणार आहे.